त्याला सकाळी काय लागतं

“त्याला सकाळी काय लागतं?” यानने विचारलं.

तो बाजाराला निघाला होता. पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. विचारण्यात खोच अशी काही नव्हती. माझ्या नवऱ्याला खोच जमतच नाही. वेतेआ रविवारी पहाटे हुआहिने बेटावरून बोटीनं येणार, सकाळी आमच्याकडे न्याहारीला थांबणार आणि रात्रीच्या विमानानं फ्रान्सला फौजेत जाणार, तर त्याच्यासाठी काय आणून ठेवायचं, एवढंच यानला हवं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर नव्हतं. जिभेवर आहे आणि आठवत नाही असंही नव्हतं. ते कधी तिथे आलंच नव्हतं. “बघू,” मी म्हणाले. “बघू म्हणजे?” “म्हणजे बघू. तू कॉफी आण, घरातली संपलीय.” तो गेला. मी ओट्याला हात टेकून उभी राहिले. नळ चालू होता, तो बंद करायचंही मला बऱ्याच वेळानं सुचलं.

ताहितीत, पापेएतेच्या बंदरासमोरच्या एका हॉटेलात सकाळचा हॉल माझ्या ताब्यात असतो. सहाला दार उघडतं आणि माणसं आत येतात, झोपेनं जड झालेली, केस ओले. त्या वेळी माणूस सोंग आणू शकत नाही. संध्याकाळी बारमध्ये तो कुणीही होतो, सकाळी मात्र तो आपल्या आईच्या घरचाच असतो. जपानी म्हातारा क्रॉसाँच्या टोपलीकडे बघतसुद्धा नाही; त्याला गरम भात हवा असतो, बरोबर काहीतरी आंबटखारट हवं असतं, आणि ते नसलं तर तो तक्रार करत नाही, नुसता चहा घेऊन खिडकीशी बसतो, आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहते. अमेरिकन बाई अंडं कसं हवं हे इतकं समजावून सांगते की तेवढ्यात कोंबडी दुसरं घालेल. जर्मन माणूस थंड मांस आणि चीज घेतो आणि ब्रेड बोटानं दाबून बघतो. ऑस्ट्रेलियाचा माणूस आजूबाजूला नजर टाकून खिशातून एक नळी काढतो, टोस्टवर काळा खारट लेप फासतो, आणि पहिल्या घासाबरोबर त्याचे खांदे खाली येतात. तो खांदे खाली येण्याचा क्षण बघायला मला आवडतं. त्यासाठीच मी इतकी वर्षं पहाटे चारला उठत आले असेन. लांबच्या बेटांवरून कामाकरता आलेली आपली माणसं हॉटेलच्या पांढऱ्या टेबलापुढे अवघडून उभी राहतात; त्यांना मी आतून नारळाच्या दुधाचा चंबू आणून देते आणि काही न बोलता कॉफीशेजारी ठेवते. माणूस दारातून चालत आला की तो कुठल्या टेबलाकडे वळणार हे मला कळतं. आमचा आचारी फ्रेदी म्हणतो, “तुरिया, तू माणसांची तोंडं बघतच नाहीस. पोटं बघतेस.” तो स्वतः सकाळी पातळ पेज पितो, खारवलेल्या अंड्याबरोबर, चिनी आजोबांकडून आलेली सवय, बाकी सगळं आजोबांबरोबर गेलं, चिनी भाषासुद्धा, पेज तेवढी राहिली. असं ते असतं. जिभेला जे सकाळी पहिल्यांदा लागलं ते शेवटपर्यंत राहतं.

यानचंच बघा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या समुद्रकाठच्या गावातून तो शाळामास्तर म्हणून इथे आला, केस काळे होते तेव्हा. आता निवृत्त झाला, आमची भाषा बोलतो, कच्चा मासा खातो, अनवाणी हिंडतो. पण सकाळी त्याला त्याच्या गावचा दोन कानांचा वाडगा लागतो, ज्यावर त्याचं नाव रंगवलेलं आहे, आणि खारट लोण्याचा जाड थर दिलेला ब्रेड, जो तो काळ्या कॉफीत बुडवतो. नावाचे वाडगे तिकडे घरोघर असतात. आमचं लग्न झालं त्याला त्याची आई आली नाही. ती मला पसंत करते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. वर्षानं एक खोकं आलं, पेंढ्यात गुंडाळलेलं, आणि आत माझ्या नावाचा वाडगा होता. मी तो हातात घेतला आणि रडले. त्या बाईला मी कधीही पाहिलं नाही, पण सकाळच्या टेबलावर तिनं मला जागा दिली होती. जागा दिली म्हणायचं. सकाळच्या वेळी मी बसत कुठे नाही. हॉलमध्ये बसायचं नसतं, ती सवय घरीही लागली. माझं खाणं ओट्याशी उभ्यानं होतं. यान पूर्वी म्हणायचा, बस की गं दोन मिनिटं. नंतर त्यानं नाद सोडला.

तर सगळ्या जगाला सकाळी काय लागतं ते मला माहीत आहे, आणि माझ्या पोटच्या मुलाला काय लागतं ते माहीत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात धड उच्चारलं. वेतेआ मला झाला तेव्हा मी विशीत होते, त्याच हॉटेलात चादरी धूत होते. त्याचा बाप मार्केसास बेटांच्या बोटीवरचा, तो कधीचा परत गेला होता आणि त्याच्यावर माझा काही राग नव्हता. पोट दिसायला लागल्यावर मी सुट्टीत हुआहिनेला गेले, माझ्या चुलतबहिणीकडे, तेपुआताईकडे. ताई माझ्याहून बरीच मोठी, लग्नाला दहा वर्षं होऊन गेलेली, मूल नाही. रविवारची सकाळ होती. चर्चला जायची टोपी तिनं आधीच डोक्यावर घातली होती. टेबलावर फिरीफिरी होती, नारळाच्या दुधात पीठ मळून, पीळ घालून दुहेरी कड्यासारखी वळलेली, तळणीतून काढलेली, गरम. ताईनं माझ्या कॉफीत नारळाचं दूध ओतलं, साखर ढवळली, वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाली, “पोटातलं मला दे.” आमच्याकडे हे असंच मागतात. यात लपवण्यासारखं काही नसतं, कुणाला कमीपणा नसतो. ज्यानं जन्म दिला तो जन्माचा, ज्यानं पोसलं तो पोसणारा, आणि मुलाला दोन्हीकडची नावं माहीत असतात. माझ्या आईची धाकटी बहीण अशीच दुसरीकडे वाढली होती. आणि मोठ्या बहिणीनं, स्वतःच्या हातानं कॉफी ढवळून दिल्यावर मागितलं, तर नाही म्हणण्याची पद्धत नाही. मी फिरीफिरीचा तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला आणि मान हलवली. मला तेव्हा वाटलं, किती सोपं आहे. दूध यायच्या आधी सगळंच सोपं वाटतं. तो झाल्यावर थोडे दिवस मी त्याला पाजलं, मग ताई आली, त्याला घेऊन बोटीत बसली, आणि मी छातीला ओलं फडकं घट्ट बांधून पुन्हा चादरींवर गेले. त्या फडक्याचा ओला वास मला अजून केव्हाही, कपडे वाळत घालताना वगैरे, येतो.

मुलगा तुटला वगैरे काही नाही. मी जायचे, ताई यायची. मी त्याची उंची पाहिली आहे, पडलेले दात पाहिले आहेत, त्याची पहिली होडी पाहिली आहे. तो मला तुरियामावशी म्हणतो आणि कुणाची कोण हे त्याला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. एकदा, तो सातेक वर्षांचा असेल, लिंबाच्या झाडाखाली बसल्या बसल्या म्हणाला, “मी तुझ्या पोटातून आलो ना?” मी हो म्हणाले. “मग तिकडून काही दिसायचं का?” मी म्हणाले, नाही रे, अंधार होता. तो म्हणाला, मला वाटलंच. एवढंच. पण सकाळ कधी मिळाली नाही. हॉलला सुट्टी नसते. मी दुपारच्या विमानानं जायचे आणि संध्याकाळच्यानं परत, नाहीतर चारला उठून दार कोण उघडणार. तिथलं दुपारचं जेवण मला पाठ आहे. ताईच्या हातचं कोंबडीचं कालवण, त्याच्या ताटातली आधी संपणारी गोष्ट, न आवडणारी गोष्ट. सकाळ मात्र बेटाच्या पलीकडे राहिली. एकदाच राहिले होते रात्री, वादळानं विमानं बंद होती म्हणून. सवयीनं पहाटे जाग आली. मी हलक्या पावलानं मागच्या पडवीत गेले, चूल पेटवली, पीठ काढलं. म्हटलं, आज मी करते. एवढ्यात ताई आली, झोपेतून उठून तशीच, केस मोकळे, आणि माझ्या हातातून कढई घेतली. हळूच घेतली. “तू पाहुणी आहेस. बस बाहेर, वाऱ्याला.” मी बाहेर बसले. आत दोघांचं बोलणं चालू होतं, भांड्यांचा आवाज होता, एकदा तो खूप हसला. मला ताईनं कॉफी आणि ब्रेड आणून दिला, लोणी लावून, छान ताटलीत. तो मागच्या दारानं पोसणाऱ्या बापाबरोबर, ताईच्या नवऱ्याबरोबर, मासे धरायला निघून गेला होता. काय खाऊन गेला ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं का, हाही विचार मी तेव्हा केला नाही. आता ओट्याशी उभी राहून करत होते.

ताईला फोन करून विचारता आलं असतं. यान परत आल्यावर तेच म्हणाला. पाव, कॉफी, आणि सवयीनं खारट लोण्याचं पुडकं टेबलावर ठेवत म्हणाला, “तेपुआला विचार ना.” मी म्हणाले, “काय म्हणून विचारू? तुझा मुलगा काय खातो म्हणून?” “हो.” “तुला नाही कळायचं.” “बरं,” तो म्हणाला आणि लोणी फ्रीजमध्ये ठेवलं. त्याच्याशी भांडायलाही काही मिळत नाही. शनिवारी हॉलमध्ये मी रविवारची रजा मागितली तेव्हा फ्रेदीनं हातातला झारा खाली ठेवला. “कोण मेलं?” “कुणी नाही. माझा मुलगा येतोय.” “तुला मुलगा आहे?” “हुआहिनेला. बहिणीनं पोसला.” “अच्छा,” तो म्हणाला, इथल्या माणसाला एवढं पुरतं. मग जरा वेळानं, पेज फुंकत, “मग उद्या तुझी परीक्षा म्हण की.” मी हसले नाही. त्या दिवशी एका टेबलावर न्यूझीलंडची बाई होती, तिचा एवढा मोठा मुलगा, मिशा फुटलेला, फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तिनं न विचारता त्याच्यासाठी दलिया आणला, वर केळं कापलं, साय त्याच्या बाजूला ठेवली. त्यानं न बघता चमचा उचलला. ती परत आपल्या खुर्चीवर बसली आणि स्वतःच्या टोस्टला लोणी लावू लागली. त्या बाईला आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. मला तिचा हेवा वाटला, चांगला करकरीत हेवा, आणि मी तिचा कप भरायला गेले.

रविवारी पहाटे मी बाजारात गेले. रविवारचा बाजार उजाडायच्या आत भरतो आणि चर्चच्या घंटेआधी संपतो; सगळं शहर न्याहारी न्यायला तिथे लोटतं. मी आधी फिरीफिरी घेतली, कारण ती नाही असा रविवार कुणाचा नसतो. मग वाटलं, हल्लीच्या पोरांना तळलेलं आवडतं का? म्हणून चिनी दुकानातून वाफवलेले सारणाचे पाव घेतले. मग भाजलेलं डुकराचं मांस, कुरकुरीत कातडीचं. मग वाटलं, फौजेत जाणारं पोर, अंगाला लागेल असं काही हवं, म्हणून अळूचे उकडलेले कंद. लाल मासा घेतला, घरी लिंबू पिळून नारळाच्या दुधात घालायला. पपई. केळ्याच्या गोड चिकट वड्या. अंडी. फ्रेंच लोक घेतात तो जर्दाळूचा मुरांबा. मांस विकणारी बाई ओळखीची होती, म्हणाली, “किती जण येणारेत गं?” मी म्हणाले, “एक.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कातडीचा एक तुकडा वरून टाकला. येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावरच्या लांब पेटीतून पाव काढला. पाववाला गाडीतून उतरत नाही, पेटीत पाव खोचून पुढे जातो. लहान असताना आमच्या पेटीवर पोचायला मला दगडावर चढावं लागायचं. पाव गरम असायचा, घरी येईपर्यंत त्याचं टोक मी खाऊन टाकायचे, आई ओरडायची, बाबा म्हणायचे, अगं खाऊ दे, टोक म्हणजे आणायची मजुरी. मग कॉफीत नारळाचं दूध, त्यात डब्यातल्या लोण्याचा पाव, आणि वर तुपकट चकत्या तरंगायच्या, त्यातली सर्वांत मोठी कुणाची यावरून आम्ही भावंडं भांडायचो. वेतेआच्या डोक्यात असं काय तरंगत असेल, कुणाची पेटी, कुणाचा ओरडा? मी सगळं टेबलावर मांडलं. ताटल्या, झाकणं, चमचे, रुमाल त्रिकोणी घडीचे. यान झोपेतून उठून आला, दारात थांबला, म्हणाला, “तुरिया, हे हॉटेल झालं.” मी म्हणाले, “तुला काय करायचंय?” पण नजर टाकली आणि दिसलं की त्याचं खरं होतं. मुलगा येणार होता आणि मी गिऱ्हाइकासाठी टेबल लावलं होतं. जिला माहीत नसतं तीच सगळं मांडते. माहीत असलेली बाई एकच वाटी पुढे ठेवते. पण आता आवरायला वेळ नव्हता, फाटक वाजलं होतं.

तो आत आला, खांद्यावर हिरवी पिशवी, केस फौजेसाठी आधीच बारीक कापलेले, त्यामुळे कान उगाच मोठे दिसत होते. माझ्या गालाला गाल लावला, यानच्याही. अंगाला बोटीच्या तेलाचा वास. “मावशी, हे काय,” टेबल बघून तो म्हणाला. “काही नाही रे. घे तुला काय हवं ते.” आणि त्यानं ताटली उचलली. ती उचलली तेव्हाच मला कळलं. त्यानं टेबलाभोवती एक फेरी घातली, जशी हॉलमध्ये पहिल्या दिवशी घालतात, प्रत्येकातलं थोडं थोडं, कुणाला वाईट वाटू नये इतपत. फिरीफिरी अर्धी. मांसाचा एक काप. मासा चमचाभर. माझी नजर त्याच्या ताटलीवरून हटेना. खांदे कधी खाली येतात ते मी बघत होते, आणि ते येत नव्हते. तो ताठ बसून सावकाश चावत होता, छान आहे म्हणत होता, यानला फ्रान्सच्या थंडीबद्दल विचारत होता. यान सांगत होता की लोकरीचे मोजे दोन घालायचे. मी उभ्यानं वाढत होते. शेवटी मीच म्हणाले, “तू खात नाहीयेस.” “खातोय की.” “वेतेआ, मी बारा गावच्या लोकांना खाताना बघते रोज.” त्यानं काटा ठेवला आणि ओशाळून हसला. “मावशी, खरं सांगू? पोट टम्म भरलंय. बोटीवर खाल्लं. आईनं डबा दिला होता, एवढा, दोघांना पुरेल असा. वर पहाटे दोनदा फोन. बोट लागायच्या आत खाऊन घे, तिकडे जाऊन त्यांना त्रास देऊ नकोस. डबा रिकामा झाला का, म्हणून परत विचारलं.”

मला राग आला. हे सांगायला काय हरकत आहे. चांगला सणसणीत राग आला, कानशिलं तापली. माझ्या हातातून कढई घेतली होती तसाच तिनं आज, समुद्रापलीकडून, माझ्या हातातून झारा काढून घेतला होता. इतकी वर्षं सगळ्या सकाळी तिच्या होत्या, एक तिला सोडवली नाही. “असू दे,” मी म्हणाले, “असू दे,” आणि स्वयंपाकघरात गेले, कारण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी माझा वाडगा काढला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. कालचा शिळा पाव होता, तो कुस्करून वाडग्यात घातला, वर गरम कॉफी, नारळाचं दूध, साखर, आणि मीठ, चिमूटभर. हे मी कुणाला देत नाही. हॉलमध्ये हे ठेवलं तर पाहुणे पळून जातील, दिसायलाही चांगलं नसतं, राखाडी लगदा. पण माझी सकाळ ती. बाहेर यान लोकरीच्या मोज्यांवरून बर्फावर गेला होता. मी खिडकीकडे तोंड करून पहिला चमचा घेतला.

“तू हे खातेस सकाळी?” तो मागे उभा होता, दाराच्या चौकटीला खांदा लावून. “हो,” मी म्हणाले. “रोज?” “रोज.” तो जवळ आला, वाडग्यात डोकावला, मग वाडग्यावरचं नाव बोटानं चाचपलं. “मला नेहमी वाटायचं,” तो म्हणाला, “तू सकाळी काय खात असशील. म्हणजे आईचं माहितीय, बाबांचं माहीत होतं. तुझं कधी कळलंच नाही. तू संध्याकाळी जायचीस.”  तिकडे, समुद्राच्या त्या बाजूला, हा पोरगा कढईशी हसत होता तेव्हाही त्याच्या मनात हे होतं आणि मला वाटत होतं की विचारणारी मी एकटीच आहे. “आईला विचारायचो,” तो म्हणाला, “तर ती म्हणायची, हॉटेलात राहते, साहेबी खात असेल.” मला हसू फुटलं, रडण्यातूनच फुटलं ते, त्यामुळे आवाज विचित्र आला. “साहेबी कसलं रे. बघ हे.” “दे,” तो म्हणाला. “अरे, पोट भरलंय ना तुझं?” “भरलंय. दे.” मी चमचा भरला. त्याच्या हातात देणार होते, पण त्यानं हात पुढे केला नाही. एवढा ताडमाड वाढलेला, उद्या बंदूक धरणार, तो थोडा वाकला आणि तोंड उघडलं. मी घास भरवला. त्यानं डोळे बारीक करून तो तोंडात घोळवला. “मीठ?” “चिमूटभर.” “भारी लागतंय,” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. मी पाहिलं. मी चुकणार नाही, माझा जन्म त्यात गेलाय. एकच घास, दुसऱ्याला तो नको म्हणाला, खरंच जागा नव्हती त्याच्या पोटात.

थोड्या वेळानं त्याचे दोस्त स्कूटरवरून आले आणि त्याला घेऊन गेले. दिवसभर शहरात हिंडून तिकडूनच ते विमानतळावर जाणार होते. फाटकात त्यानं पुन्हा गालाला गाल लावला. यानने त्याच्या पिशवीत लोकरीच्या मोज्यांचा जोड कोंबला. मी आत येऊन टेबलाकडे बघत उभी होते, एवढ्या अन्नाचं काय करावं म्हणून, तोच फोन वाजला. ताई. आधी तिनं हवेचं विचारलं. मग त्याच्या बुटांचं, मग विमान वेळेवर आहे का त्याचं. यान वर्तमानपत्र घेऊन समोर बसला होता. मग ताई थांबली. तिचं थांबणं मला लहानपणापासून ओळखता येतं. “तुझ्याकडे काही खाल्लं का गं त्यानं?” आवाज सहज ठेवला होता, पण तळाशी तो कापत होता. आणि एकदम मला ती दिसली, मागच्या पडवीत, केस मोकळे, नवरा जाऊन दोन पावसाळे झालेले, समोर एका माणसापुरती चूल. माझा वाडगा माझ्या हातात होता, चमचा त्यातच होता. सांगता आलं असतं. “काही नाही गं ताई,” मी म्हणाले. “मी एवढं मांडलं होतं, नुसतं चिवडलं त्यानं. पोट भरलेलं होतं. तुझा डबा खाऊन आला होता ना.” “काहीच नाही?” “काहीच नाही.” तिकडे तिनं श्वास सोडला तो मला इथे ऐकू आला. यानने वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं, भुवई वर गेली, मग त्यानं पान उलटलं. “लाजला असेल,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता सैल झाला होता. “तसा गुणी आहे.” मग नाक ओढल्याचा आवाज आला. “तुरिया, उद्या सकाळी मी कुणासाठी उठू?” “उठ तू. कॉफी कर, आणि मला फोन कर. मी हॉलमध्ये असते, उचलीन.” “हॉलमध्ये चालतं?” “न चालायला काय झालं?”  मग मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि विचारताना मला कशाचीही भीती वाटली नाही. “ताई, त्याला सकाळी काय लागतं गं?” “त्याला?” ती म्हणाली, आणि आवाज एकदम उजळला, पोर शेजारी बसलंय असा. “त्याचं काही विचारू नकोस. नीरफणस लागतो, पण उकडलेला नाही, निखाऱ्यावर भाजलेला, साल काळी पडेपर्यंत. फोडला की आत लोणी, ते वितळेस्तोवर थांबत नाही, जीभ भाजून घेतो. कॉफी बापाच्याच कपात. आणि पावाचं टोक, ते आधीच कुणीतरी पळवलेलं असतं, मी बोलून थकले. आणि रविवारी मात्र, थांब हं, तुला नीट सांगते, रविवारचं वेगळं आहे.” “सांग,” मी म्हणाले. वाडग्यातलं उरलेलं गार झालं होतं. मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले.